एका पानाचा नेचा

झड लागली की लोक वर बघतात आणि मी खाली. सवयच तशी झाली आहे. चार-चार दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत रिक्षा चिखल उडवत जातात, आणि जो तो म्हणतो, आता उघडायला पाहिजे बुवा. मी मात्र छत्री सावरत कुठल्यातरी रिकाम्या प्लॉटच्या कडेला वाकून उभी असते. येणारेजाणारे विचारतात, "मॅडम, काही पडलं का?" पूर्वी मी खरं सांगायची. त्यात फार वेळ जातो. आता म्हणते, "चष्म्याचा स्क्रू पडलाय." मग तेही बिचारे शोधायला लागतात आणि त्यांना घालवून देण्यात आणखी वेळ जातो.

मी शोधत असते एक पान. अक्षरशः एकच. करंगळीएवढं, जाडसर, पोपटी. त्याच्या बुडातून एक बारीक दांडी सरळ वर येते आणि दांडीच्या शेंड्याला दोन ओळींत बारीक दाणे, मणी ओवावेत तसे. बस्स, एवढंच झाड. फूल नाही, फांदी नाही, वास नाही. पावसाळ्यात दोन-अडीच महिने जमिनीवर असतं, बाकीचं वर्ष जमिनीखाली. हा नेचा, म्हणजे फर्न, आहे असं सांगितलं की ज्यांना नेचा माहीत असतो ते मान्य करत नाहीत, आणि ज्यांना माहीत नसतो ते विचारतात, "कशावर चालतं हे?" आपल्याकडे झाड कशावर तरी चाललंच पाहिजे. मूळव्याधीवर, नाहीतर निदान केस गळण्यावर. मी म्हणते, "कशावरच चालत नाही." त्यांचा चेहरा पडतो. पडू दे.

मला हे पान पहिल्यांदा दिसलं ते त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात. त्याच्या आदल्या दुष्काळाबद्दल मी फार बोलत नाही. ज्यांनी पाहिला त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना तो सिनेमासारखा वाटतो. आमचं गाव वडीगोद्रीच्या फाट्यापासून दोन कोस आत. तेव्हा तो सगळा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यातच होता. मी जालन्याला बोर्डिंगात राहून बी.एस्सी. करत होते. दादा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते, पण पोरगी शिकणार म्हणजे शिकणार, यावर त्यांनी कुणाला बोलू दिलं नाही. आणि माय दुष्काळी कामावर जात होती. गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर सरकारनं पाझर तलाव काढला होता. पावसाचं पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरवायचं, म्हणजे खालच्या विहिरींना पाणी राहील, असा हिशोब. पुरुष खोदायचे, बायका टोपल्यांनी माती उचलून तळ्याच्या पाळीवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या भिंतीवर, नेऊन टाकायच्या. माय दिवसभर माती वाहायची आणि संध्याकाळी घरी येऊन पाण्याला जायची.

पाण्याला जायची म्हणजे काय, तेही सांगितलं पाहिजे. गावच्या विहिरीवर आमच्या वस्तीतल्या बायका एका बाजूला उभ्या राहायच्या. कायद्यानं विहीर सगळ्यांची होती, फक्त विहिरीवरच्या लोकांना ते कुणी सांगितलं नव्हतं. एखादीला दया आली की ती वरून पाणी ओतायची, आमच्या बायका खाली घागर धरायच्या. दुष्काळात विहिरीचा तळ लागला तेव्हा दयाही आटली. माय दोन-दोन तास घागर घेऊन उभी असायची. मी सुट्टीत आले की मीही उभी राहायची आणि रागानं माझं डोकं फुटायची वेळ यायची. माय शांत. "त्यांला तरी कुठं पुरून राह्यलं," म्हणायची. एकदा बोळक्यात पाव लोटा पाणी मिळालं, ते घेऊन घरी येताना वाटेत एक कुत्रं जीभ काढून पडलेलं दिसलं. मायनं त्यातलं ओंजळभर त्याच्यापुढे ओतलं. मी ओरडले तिच्यावर. ती म्हणाली, "तहानल्याकडं बघून पुढं जाता येत न्हाई मला. काय करू?"

त्र्याहत्तरला पाऊस बरा झाला. अर्धवट तलावात गुडघ्याएवढं पाणी साचलं, लोक ते बघायला पोराबाळांना घेऊन गेले. मी आषाढात दोन दिवस घरी आले होते. तलावाच्या वरच्या टोकाला, ओढ्याच्या काठावर, एक ओलीचा पट्टा होता. वरच्या शेताच्या बांधाखालून पाणी झिरपून तिथली काळी जमीन कायम मऊ राहायची. तिथे भिवाआबा धनगराची मेंढरं चरत होती आणि आबा घोंगडं पांघरून दगडावर बसले होते. मी कॉलेजसाठी झाडं गोळा करत होते. आम्हाला दर टर्मला वनस्पतींचे नमुने वाळवून, कागदाला चिकटवून, नाव लिहून द्यावे लागत. म्हणून मी मेंढरांच्या पायांत वाकून बघत होते.

"काय हुडकून राह्यली गं पोरी?"

"झाडं, आबा. नवीन काही दिसलं तर."

"हे घे की मंग," म्हणत त्यांनी काठीचं टोक जमिनीला टेकवलं. "मेंढरू ह्याला तोंड लावीत न्हाई. सगळं कुरतडतंय अन् हे बराबर सोडून देतंय."

बघितलं तर ते पान. मग दुसरं, तिसरं. नजर बसली की दिसायला लागतात, त्याआधी नाही. मी विचारलं, "आबा, नाव काय ह्याचं?"

आबा हसले. "जे खात न्हाईत अन् जे टोचत न्हाई त्याला कोन नाव ठिवतंय?"

वनस्पतीशास्त्राची सगळी पुस्तकं वाचूनही नावांबद्दल इतकं खरं मला कुणी सांगितलेलं नाही.

मी दोन रोपं उपटून ओल्या फडक्यात गुंडाळून जालन्याला नेली. आमचे वनस्पतीशास्त्राचे सर मोठे उत्साही गृहस्थ. चपला झिजेपर्यंत फिरायचे आणि खिशात कायम कुठली तरी पानं. त्यांनी ते रोप उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "कळी आलीय. फूल उमलू दे, मग नाव काढू." त्यांचा दोष नाही. एक पान आणि वर एक तुरा, कुणालाही वाटेल की हा कुठल्यातरी कंदाचा कोंब आहे आणि शेंड्यावरची ती कळी आहे. आम्ही ते शाईच्या दौतीत पाणी घालून प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवलं आणि फुलाची वाट बघायला लागलो. रोज सकाळी मुलं विचारायची, "सर, उमललं का?" सर म्हणायचे, "उद्या." पंधरा दिवस ते उद्या म्हणत होते. शेवटी मुलांनी सरांचं नावच "उद्या" ठेवलं.

सोळाव्या की सतराव्या दिवशी दौतीखालच्या वहीवर पिवळट पूड पडलेली दिसली. मी फडक्यानं पुसायला गेले तर सर किंचाळले, "थांब!" त्यांनी ती पूड काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली, आणि मग कपाळावर हात मारून घेतला. "अहो, फूल कसलं येतंय? येणारच नाही फूल! हा नेचा आहे. हे बीजाणू आहेत. आणि मी शहाणा पंधरा दिवस फुलाची वाट बघतोय!" वर्गासमोर स्वतःला असं मूर्ख म्हणणारा मास्तर मी तोवर पाहिला नव्हता. पुढे मी स्वतः शाळेत शिकवायला लागले तेव्हा हे जमवायचा प्रयत्न केला. फार वेळा जमलं नाही.

मग पुस्तकं काढली गेली. वंश सापडला: ऑफिओग्लॉसम. सापाची जीभ, असा त्याचा अर्थ. आता नेमकी जात कुठली, यासाठी जमिनीखालचा भाग बघायला हवा होता. सर म्हणाले, "दुसरं रोप आण, मुळं बघू." ते मी चिकटल्या मातीसकट बोर्डिंगाच्या खिडकीत लहानशा कुंडीत लावलं होतं. तिथून मोठ्या अभिमानानं काढून आणलं. नळाखाली स्वच्छ धुतलेलं. आम्हाला शिकवलेलंच तसं होतं, की नमुना देताना मुळांना मातीचा कण राहता कामा नये. मी तर जुन्या दातांच्या ब्रशनं घासलं होतं. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "आंघोळ घातलीस? साबणही लावायचा होता." मुळाशी हरभऱ्याएवढी एक गाठ होती. ती बघून आणि पानाच्या मधोमध गेलेला फिकट पट्टा बघून त्यांनी जातीचा अंदाज बांधला. पण ते रोप पुन्हा कुंडीत लावलं तर तीन दिवसांत मान टाकून मोकळं. सरांनी तेव्हा समजावलं, की याची मुळं एकटी जगत नाहीत. त्या मातीतली बुरशी त्यांना अन्न पुरवते. माती धुतली म्हणजे याचा संसारच धुतला.

श्रावणात सर स्वतः आमच्या गावाला आले. एस.टी.नं वडीगोद्रीला उतरले आणि पँटचे पाय दुमडून दोन कोस चिखल तुडवत चालत आले. आमच्या वस्तीत कॉलेजचा मास्तर येतोय म्हटल्यावर माणसं दारात उभी. मायनं चहा केला. सर ओट्यावर बसून तो चहा प्यायले आणि "आणखी अर्धा कप आहे का?" असं विचारते झाले. तो अर्धा कप मायनं महिनाभर गावाला सांगितला.

ओढ्यावर गेल्यावर सरांनी जागा बघितली, मग पाळीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "तलाव पुरा झाला की हे सगळं पाण्याखाली जाणार," ते म्हणाले. "हे ओलीतलं झाड आहे. बुडालेल्या जमिनीत ते जगायचं नाही." आम्ही आजूबाजूला दोन शेतं पालथी घातली. कुठेच नव्हतं. ते फक्त त्या एका पट्ट्यात होतं. मग आम्ही कुदळीनं मातीच्या ढेकळांसकट सात रोपं काढली, मुळांना हातही न लावता, आणि तुपाच्या तीन रिकाम्या डब्यांत लावली. डब्यांच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली होती.

ओट्यावर डबे मांडून सर मला म्हणाले, "आपल्या भागात याची नोंद कुणी केलेली मला माहीत नाही. पुढच्या पावसाळ्यात ही सात वर आली, तर आपण नोंद छापायला पाठवू. तुझ्या नावानं." माझ्या नावानं! आमच्या घराण्यात नाव कागदावर यायचं ते कामाच्या मस्टरवर, आणि त्याच्यापुढे अंगठा. खोटं कशाला बोलू, त्या क्षणापासून मला ते झाड कमी आणि तो छापील कागद जास्त दिसायला लागला.

मग सरांनी निगा सांगितली. "दसऱ्याच्या सुमारास पान वाळेल. घाबरायचं नाही, ते मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. मग पाणी बंद. बिलकुल बंद. उन्हाळाभर थेंब द्यायचा नाही. डबे सावलीला ठेवायचे आणि विसरून जायचं."

माय उंबऱ्यात बसून ऐकत होती. म्हणाली, "झोपलेल्याला बी तहान लागतीच की, सायेब."

सर हसले. मीही हसले. तिथे आम्ही दोघं चुकलो. तिनं प्रश्न विचारला होता आणि आम्हाला तो विनोद वाटला.

डबे गावातच ठेवायचे ठरले. बोर्डिंगात आम्हाला अंग टेकायला जागा नव्हती, आणि कॉलेजात शिपायानं ते रद्दीबरोबर बाहेर टाकले असते. शिवाय सरांचं म्हणणं, आपली माती, आपली हवा याला लागते. मी मायला दहा वेळा बजावलं. तिनं दहा वेळा मान हलवली.

दिवाळीच्या सुट्टीत आले तेव्हा पानं गळून गेली होती, डब्यांत नुसती माती. ठरल्याप्रमाणेच. पण ओढ्यावर गेले तर तो ओलीचा पट्टाच नाही! तिथे कमरेएवढा खड्डा. तलावाचं काम पुन्हा सुरू झालं होतं आणि पाळीला चिकट काळी माती हवी म्हणून मुकादमानं नेमकी तिथेच आखणी केली होती. माय त्याच कामावर होती.

"तू सांगितलं का नाहीस त्यांना?" मी कडाडले.

"सांगितलं की. म्हनलं, हितं माह्या पोरीचं झाड हाये. तर मुकादम म्हनला, मंग काय तुह्या पोरीच्या गवतासाठी तळं सरकवू का? सगळ्या बाया हसल्या." मग म्हणाली, "म्याच वाह्यली ती माती. काय करती? हजेरी लागली व्हती."

आज मी त्या मुकादमाला दोष देत नाही. त्या तळ्यानं पुढे खालच्या सगळ्या विहिरी जगवल्या. एका पानासाठी तळं अडवा असं म्हणणारी मी तर मुळीच नाही. शहरातली काही मंडळी मला भेटतात, झाडांवर फार प्रेम असलेली. त्यांना हे सांगितलं की ती हळहळतात, एवढं दुर्मीळ झाड आणि त्याच्यावर तलाव बांधला! मी त्यांना विचारते, तुम्ही कधी दोन तास घागर घेऊन उभे राहिलात का हो? मग विषय बदलतो. पण तेव्हा, दिवाळीत, मला एवढंच कळलं की आता जगात माझ्यापुरती सात रोपं आहेत आणि ती त्या तीन डब्यांत आहेत. मी मायला अकराव्यांदा बजावलं आणि जालन्याला गेले.

तो उन्हाळा नेहमीसारखाच होता, म्हणजे वाईट. बोर्डिंगात पाणी एक दिवसाआड. परीक्षेच्या अभ्यासात मी डबे विसरले, जसं सरांनी सांगितलं होतं तसं. शेवटचा पेपर झाला, मेमध्ये घरी आले, पिशवी खाली ठेवली आणि थेट डब्यांकडे गेले. डबे ओट्याच्या कोपऱ्यात, सावलीला, अगदी सांगितल्या जागी. वर गोणपाटाचा तुकडा टाकलेला. गोणपाट ओला होता.

मी तो उचलला तर कुबट वास आला. मातीवर हिरवी बुरशी चढलेली. बोट घातलं तर बोटभर चिखल. मी एक डबा तिथेच पालथा केला. हरभऱ्याएवढ्या गाठींच्या जागी काळी, बिलबिलीत टरफलं. दुसरा केला, तिसरा केला. सातच्या सात कुजलेल्या.

माय पाण्याहून आली. डोक्यावर घागर, तशीच उभी राहिली.

"पाणी घातलंस?"

"रोज न्हाई गं. यक दिवसाआड, यक लोटा." तिचा आवाज बारीक झाला होता. "माह्या वाट्यातलं घातलं. घरातलं न्हाई घेतलं. माती इतकी तडकली व्हती, बघवंना मला..."

तिच्या वाट्याचं पाणी म्हणजे कोणतं, हे मला पक्कं माहीत होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे पिण्याचं पाणी माणशी मोजून असायचं. तरी मी बोलले. काय बोलले ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता माय नाही आणि माझंही वय झालं, म्हणून लिहिते. मी म्हणाले, "तुला काय कळतं? अडाणी ती अडाणीच! टोपल्या वाहायच्याच लायकीची आहेस तू!"

विहिरीवरच्या बायकासुद्धा तिला असं बोलल्या नव्हत्या.

मायनं घागर उतरवली. सांडलेली माती झाडून पुन्हा डब्यांत भरली. मला जेवायला वाढलं. त्यानंतर महिनाभर मी घरी होते, पण ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. रागानं नाही, हे तर फारच वाईट होतं. ती जपून बोलायची. मी पुस्तक वाचत असले तर भांडं वाजू नये म्हणून धडपडायची. मला कळत होतं. माफी मागायची तर तोंड उघडायचं नाही. वीस वर्षांचं वय, डोक्यात चार इंग्रजी पुस्तकं, आणि त्यात तो छापील कागद हातचा गेलेला. कॉलेज सुरू झालं तशी मी जालन्याला निघून गेले. सरांना सांगितलं, "कुजली, सर." त्यांनी कसं म्हणून विचारलं. मी म्हणाले, "पाणी जास्त झालं." कुणी घातलं ते सांगितलं नाही. माझ्या हातून तेवढंच एक बरं काम झालं त्या वर्षी.

शाळेत शिकवताना मुलांना मी कुंड्या करायला लावायची. दरवर्षी वर्गातल्या निम्म्या कुंड्या पाण्यानं मरायच्या, तहानेनं मरणाऱ्या कमी. मुलं रडायची, "बाई, मी तर रोज पाणी घालत होतो." मी कधीही त्यांच्यावर ओरडले नाही. सहकारी शिक्षिका म्हणायच्या, तुम्ही एरवी एवढ्या तापट आणि इथे कशा गप्प? मी म्हणायची, असंच.

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात तळं पुरं भरलं. मला ते पत्रानं कळलं. दादांनी कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. पत्रात शेवटी एक ओळ होती, की तुझ्या आईनं निरोप दिलाय, श्रावणात सुट्टी असली तर एक दिवस येऊन जा. मायनं मला असा निरोप कधी दिला नव्हता. मला वाटलं, तब्येत बिघडली. पहिल्या एस.टी.नं गेले.

माय धडधाकट होती. मी पोहोचले तेव्हा झडीत डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन दारातच उभी होती. म्हणाली, "चहा मंग पी. आधी चल." आणि पुढे चालायला लागली. मी मागे. तळ्याजवळ आलो. ओढा, खड्डा, तो ओलीचा पट्टा, सगळं गढूळ पाण्याखाली गेलं होतं आणि पाणी लांबवर पसरलं होतं. ती पाळीवर चढली, आतल्या बाजूनं थोडी खाली उतरली आणि थांबली.

पाळीच्या उतारावर, पाण्यापासून चार हात वर, छोट्या दगडांची एक गोल रांग लावलेली होती. मेंढरं तुडवू नयेत म्हणून. आत ती पानं. करंगळीएवढी, पोपटी, प्रत्येकाच्या बुडातून दांडी वर आलेली. मी मोजायला लागले. अकरा, बारा... पलीकडे आणखी एक दगडांचं वर्तुळ. आणखी थोडं पुढे तिसरं. प्रत्येक वर्तुळात पानांचा एक-एक पुंजका, टोपलीभर माती ओतली की जेवढी पसरते तेवढ्याच जागेत. ओढ्याकाठची ती काळी माती, जी मी वाचवायला गेले होते, ती गाठींसकट, बुरशीसकट, बायकांच्या डोक्यावरून इथे आली होती. कुणी धुतली नव्हती, कुणी निगा केली नव्हती. उन्हाळाभर कोरडी पडून राहिली होती आणि आता तळ्याची ओल लागून वर आली होती. सरांना आणि मला वर्षभरात जे साधलं नाही ते टोपल्या वाहणाऱ्या बायकांनी करून ठेवलं होतं.

"हीच हायेत न्हवं?" मायनं विचारलं.

मी नुसती मान हलवली.

"पंधरा दिसांखाली दिसली. दुसऱ्या कुनाला सांगितलं न्हाई, भिवाआबाला तेवढं सांगितलं, मेंढरं हिकडं आनू नको म्हून." ती वर्तुळापासून दोन हात लांब उभी होती, हात पाठीमागं बांधून. शाळेतलं पोर बाईंसमोर उभं राहतं तशी. आणि मग घाईघाईनं म्हणाली, "म्या पानी घातलं न्हाई बरं का ह्याला. बिलकुल न्हाई. हात बी लावला न्हाई. तुह्या गळ्याची आन."

माझी माय मला घाबरत होती. विहिरीवर ताठ उभी राहणारी, मुकादमाला तोंडावर सांगणारी माझी माय मला घाबरत होती, आणि ते माझ्या शिक्षणानं केलं होतं. नाव, नोंद, छापील कागद, यातलं काही मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही. मी तिचे पाठीमागचे हात ओढून पुढे घेतले. टोपलीच्या कडांनी घट्टे पडलेले हात.

"माय, मी चुकले गं," मी म्हणाले. "आता घातलं तर चालतं. पावसाळ्यात ते जागं असतं. आता घाल."

"खरंच?"

"खरंच. घाल."

ती उतारावरून खाली गेली, तळ्याशी वाकली. तिथे वरून ओतणारं कुणी नव्हतं. दोन्ही हातांची ओंजळ भरून ती जपून वर आली, एकेका पुंजक्यावर थोडं-थोडं पाणी सोडलं, आणि पुन्हा खाली गेली. झड चालूच होती. माती पचपचीत ओली होती, पाण्याची काही म्हणजे काही गरज नव्हती. ती तिन्ही वर्तुळांना पाणी घालेपर्यंत मी तिथेच उभी राहिले आणि एक शब्द बोलले नाही.